श्वसनाच्या विकरांमधलं तांबं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत पदवीच्या मुलामुलींना जीवरसायनशास्त्र शिकवते. इलेक्ट्रॉन वहन साखळीचा धडा निघाला की प्रश्नांची रांग लागते आणि त्यातले निम्मे तांब्यापाशी येऊन थांबतात. काही प्रश्न गावाकडून फोनवरही येतात. ते विचारणाऱ्यांना साखळीशी देणंघेणं नसतं, त्यांना गोठ्यातल्या जनावराची काळजी असते. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत, कारण दोन्हींची उत्तरं एकाच जागेकडे जातात.

रक्तात लोह असतं हे माहीत आहे. श्वसनात तांबं कुठून आलं?

आपल्याला माहीत असतं ते हिमोग्लोबिनमधलं लोह. ते ऑक्सिजन वाहून आणतं, वापरत नाही. मोंढ्यात माल उतरवून परत जाणाऱ्या गाडीसारखं त्याचं काम. ऑक्सिजन वापरला जातो तो पेशीच्या आत, तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या आवरणात बसलेल्या एका विकरात, म्हणजे एन्झाइममध्ये. त्याचं नाव सायटोक्रोम सी ऑक्सिडेज. वहन साखळीतलं हे चौथं आणि शेवटचं संकुल. आपण घेतलेल्या ऑक्सिजनपैकी ९० टक्क्यांहून जास्त इथेच संपतो. भाकरीतून निघालेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने इथवर येतात, ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं.

या विकरात दोन हीम आहेत. हीम म्हणजे मधोमध लोहाचा अणू धरलेली चकती, म्हणजे लोहाचे दोन अणू. शिवाय तांब्याचे तीन. तिघांपैकी दोन एकमेकांना खेटून बसलेले असतात, त्या जोडीला कॉपर-ए म्हणतात. तिसरा एकटा, हीम-ए३ च्या लोहासमोर. तो कॉपर-बी. इलेक्ट्रॉनची वाट अशी: सायटोक्रोम सी (इलेक्ट्रॉन आणून देणारं वेगळं छोटं प्रथिन), मग कॉपर-ए, मग हीम-ए, आणि शेवटी हीम-ए३ व कॉपर-बी यांची जोडी. एवढं मी पाठ करायला लावते. बाकीचं समजून घ्यायचं.

"मॅडम, आमच्या गाईला किराळ लागलं म्हणायलेत. म्हणजे नेमकं झालं काय?"

हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. मी सातवीत असताना आमची गाय अशीच गेली. पावसाने ओढ दिली होती. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन तिथेच सुकत चालली होती. दुपारी गाय दावं तोडून त्या रानात शिरली. अण्णा तिला हाकलून आणत होते तेव्हा तिची पावलं वाकडीतिकडी पडत होती, तोंडाला फेस होता, पोट भात्यासारखं हलत होतं. गोठ्यापर्यंत ती आलीच नाही, लिंबाखाली बसली आणि मान टाकली. कुणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप चावला, कुणी म्हणालं कुणीतरी काहीतरी केलं. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. त्यांनी शिरेतलं थोडं रक्त नळीत घेऊन अण्णांपुढे धरलं. जास्वंदीसारखं लालभडक. शिरेतलं रक्त काळपट असायला हवं. ते म्हणाले, हिच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर आहे, पण अंगाला तो घेताच आला नाही. त्याचा अर्थ मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळला.

कोवळ्या ज्वारीच्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं. ते पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांत साठलेलं असतं, आणि ते फोडणारं विकर असतं आतल्या पेशींच्या हरितलवकांत. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही, म्हणूनच ज्वारी स्वतःच्या विषाने मरत नाही. जनावराने पान चावलं की भिंती मोडतात, दोघं एकत्र येतात आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ही बाधा म्हणजेच किराळ. कोठीपोटातले जीवाणूही त्याला हातभार लावतात. सायनाइड रक्तातून पेशीत पोचतं आणि हीम-ए३ चं लोह व कॉपर-बी यांच्यामधल्या फटीत शिरून लोहाला धरून बसतं. ऑक्सिजनने बसायचं ठिकाण नेमकं तेच. शेवटची जागाच अडली की मागची सगळी साखळी तुंबते. रक्त ऑक्सिजन घेऊन येतं आणि तो तसाच परत घेऊन जातं, म्हणून शिरेतलंही रक्त लालभडक.

वेळेत डॉक्टर आले तर जनावर वाचतं. सोडियम नायट्राइट शिरेतून देतात. त्याने थोड्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन न वाहणारं रूप, होतं, त्यातलं लोह सायनाइडला आपल्याकडे ओढतं आणि विकर मोकळं होतं. सोबत सोडियम थायोसल्फेट देतात. त्यातल्या गंधकामुळे सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. सुकत्या ज्वारीत नायट्रेटही साठतं, आणि त्याची बाधा वरवर बघता अशीच दिसते. फरक रक्ताचा. नायट्रेटच्या बाधेत रक्त चॉकलेटी होतं, कारण मेथहिमोग्लोबिन आधीच वाढलेलं असतं. अशा जनावराला नायट्राइट टोचलं तर आगीत तेल ओतल्यासारखं होईल. म्हणून औषध डॉक्टरांच्याच हातून. गूळपाणी, कांद्याचा रस असल्या उपायांत जाणारी पंधरा-वीस मिनिटंच त्या जनावराची असतात.

मग काळजी काय घ्यायची?

ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत जनावर त्या रानात सोडू नका. सगळ्यात धोक्याचे दोन प्रसंग: पावसाने ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी, आणि कापणीनंतर बुडख्यातून आलेले कोवळे फुटवे. ताणानंतर पाऊस पडला की हे फुटवे हिरवेगार, लुसलुशीत दिसतात आणि जनावर त्यावरच तुटून पडतं. उपाशी जनावराला बाधा लवकर होते, म्हणून आधी कोरडा चारा घाला. नीट वाळलेल्या कडब्यात सायनाइड बरंच उडून गेलेलं असतं. नायट्रेट मात्र वाळवल्याने जात नाही. म्हणून ताणातल्या ज्वारीचा कडबा एकदम पोटभर टाकू नये.

पुस्तकात "तांब्याचं बंधनस्थान" असा शब्द आहे. ती जागा म्हणजे नक्की काय?

विकर हे प्रथिन आहे, म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. माळ घडी घालून बसते तेव्हा माळेत दूर असलेले मणी शेजारी येतात. त्यातल्या काहींच्या टोकाला नायट्रोजन असतो, काहींच्या टोकाला गंधक. चार-सहा टोकं एका बिंदूकडे वळलेली असतील तर मध्ये धातूचा अणू बसू शकतो. हीच ती जागा. खड्डा आधी, अणू नंतर. आणि खड्ड्याच्या कडेला कोण बसलंय, किती अंतरावर, कोणत्या कोनात, यावर तो अणू पुढे काय करणार हे ठरतं. तांबं सगळीकडे एकच. शेजार बदलला की काम बदलतं. मला या विषयात जे सांगायचंय ते एवढंच, आणि कॉपर-ए व कॉपर-बी यांच्यापेक्षा त्याचं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

कॉपर-ए मध्ये दोन अणू का? एकाने भागलं नसतं?

आधी ती जागा जवळून बघू. हे विकर अनेक माळांचं मिळून बनतं, त्यातल्या प्रत्येक माळेला उपघटक म्हणतात. गाईच्या हृदयातल्या विकराचा दुसरा उपघटक घ्या. त्याच्या माळेत १६१ आणि २०४ क्रमांकावर हिस्टिडिन, १९६ आणि २०० वर सिस्टीन, १९८ वर ग्लुटामेट, २०७ वर मेथिओनिन. हे सहा जण दोन तांब्यांभोवती बसतात. दोन सिस्टीनचे गंधक दोघांनाही धरून असतात, दोन वावरांमधल्या सामाईक बांधासारखे. बाकीच्यांपैकी प्रत्येक तांब्याच्या वाट्याला एक हिस्टिडिन. उरलेल्या बाजूने एकाला मेथिओनिन आणि दुसऱ्याला ग्लुटामेटच्या कण्यातला ऑक्सिजन. दोन तांब्यांमध्ये अंतर जेमतेम अडीच अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

एवढ्या जवळ असल्यामुळे एक नवल घडतं. रसायनाच्या पुस्तकात तांब्यावर एक धनभार असतो किंवा दोन. इथे रिकाम्या अवस्थेत दोघांत मिळून तीन असतात, आणि ते एकाकडे एक, दुसऱ्याकडे दोन असे वाटले जात नाहीत. प्रत्येकाकडे दीड! इलेक्ट्रॉन दोघांवर सारखा पसरलेला. त्याचा फायदा असा की नवा इलेक्ट्रॉन आला तरी जागेची मांडणी फारशी हलत नाही. एकट्या तांब्याला एक धनभाराच्या आणि दोन धनभारांच्या अवस्थेत वेगवेगळी बैठक आवडते. प्रत्येक वेळी बैठक मोडून पुन्हा मांडायची तर वेळ आणि ऊर्जा जाते. जोडीमुळे तो खर्च वाचतो. कॉपर-ए चं काम सायटोक्रोम सी कडून एकेक इलेक्ट्रॉन घेऊन सुमारे १९ अँगस्ट्रॉमवरच्या हीम-ए कडे पटकन सोडणं, एवढंच आहे. ऑक्सिजनशी त्याचा संबंध येत नाही.

या जोडीमुळे रंग जांभळा येतो. विकराचा फक्त हा तुकडा वेगळा केला तर नळीत जांभळं द्रावण दिसतं. शिवाय ही जोडी ८३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश शोषते आणि इलेक्ट्रॉन मिळाला की ते शोषण कमी होतं. तो प्रकाश हाडामांसातून बराच आत जातो. त्याच्या आधारे कवटी न उघडता मेंदूच्या पेशी ऑक्सिजन कसा वापरताहेत याचा अंदाज घेता येतो. ही वाट १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी दाखवली.

आणि कॉपर-बी?

याच्याभोवती फक्त तीन हिस्टिडिन: पहिल्या उपघटकात २४०, २९० आणि २९१ क्रमांकावर. गंधक नाही. एक बाजू उघडी, आणि त्या उघड्या बाजूला सुमारे पाच अँगस्ट्रॉमवर हीम-ए३ चं लोह. मधल्या फटीत ऑक्सिजनचा रेणू येतो.

ऑक्सिजनच्या रेणूचं पाणी करायला चार इलेक्ट्रॉन लागतात. ते एकेक करून दिले तर मधल्या टप्प्यावर सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड तयार होतात, आणि ते सुटून बाहेर पडले तर प्रथिनं, आवरण, डीएनए, जे सापडेल ते जाळत जातात. म्हणून हे विकर चारही इलेक्ट्रॉन जवळपास एका झटक्यात देतं. लोह दोन देतं, कॉपर-बी एक देतं. चौथा? तो येतो २४४ क्रमांकाच्या टायरोसिनकडून, प्रोटॉनही त्याच्याचकडून. हे टायरोसिन शेजारच्या २४० च्या हिस्टिडिनला पक्क्या बंधाने जोडलेलं असतं. माळ तयार झाल्यावर पडलेली ही गाठ आहे, जनुकात ती लिहिलेली नसते. म्हणजे तांब्याला धरणारा हातच चौथा इलेक्ट्रॉन घेऊन तयार उभा असतो. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध तुटतो, एक अणू लोहावर राहतो, दुसरा तांब्याकडे जातो. मग साखळीतून आणखी इलेक्ट्रॉन येतात, प्रोटॉन येतात, पाण्याचे दोन रेणू निघून जातात आणि फट पुन्हा मोकळी.

वर्गात हे फळ्यावर काढताना मी दरवेळी थांबते. आपण घेतलेल्या प्रत्येक श्वासाचा शेवट या पाच अँगस्ट्रॉमच्या फटीत होतो.

इतके धातू असताना तांबंच का?

तीन कारणं मला पटतात. पहिलं, तांबं एक आणि दोन धनभारांच्या अवस्थांत सहज ये-जा करतं, आणि प्रथिनाच्या जागेत बसल्यावर त्याचा विद्युतविभव सायटोक्रोम सी च्या जवळपास, सुमारे २५० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो. देवघेवीला सोयीचा. जस्त इथे चाललं नसतं, ते दोन धनभारांवरून हलतच नाही. दुसरं, तांबं प्रथिनाला फार घट्ट धरतं. मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल अशी चढती पकड असते आणि तांबं टोकाला, त्यापुढे जस्ताची पुन्हा कमी. इरविंग आणि विल्यम्स यांच्या नावाने ही क्रमवारी ओळखली जाते. तिसरं कारण पृथ्वीच्या इतिहासातलं. हवेत ऑक्सिजन नव्हता तेव्हा तांबं गंधकाशी बांधलेल्या, न विरघळणाऱ्या खनिजांत अडकून होतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला आणि तांबं पाण्यात मोकळं होत गेलं. ज्या वायूने तांबं मोकळं केलं, त्याच वायूला सांभाळायच्या कामी ते लागलं.

तांबं एवढं घट्ट धरतं, तर चुकीच्या जागी जाऊन बसत नाही का?

बसतं, आणि म्हणूनच पेशी त्याला एकटं सोडत नाही. यीस्टवर झालेलं १९९९ मधलं संशोधन सांगतं की पेशीत मोकळं तांबं सरासरी एक अणूसुद्धा नसतं. सगळं हातोहात. सीटीआर१ नावाचं प्रथिन तांबं पेशीत घेतं. तंतुकणिकेच्या दोन आवरणांमधल्या जागेत कॉक्स१७ ते पुढच्यांना देतं. एससीओ१ आणि एससीओ२ मिळून कॉपर-ए ची जागा भरतात, कॉक्स११ कॉपर-बी ची. मुलं विचारतात, एवढी माणसं एका कामाला? पण मधला एक जरी नसला तरी विकर अपुरं राहतं. एससीओ२ च्या जनुकातल्या दोषामुळे तान्ह्या लेकरांच्या हृदयाचे आणि मेंदूचे गंभीर विकार होतात, हे १९९९ मध्येच स्पष्ट झालं.

मेंकेस आणि विल्सन हे दोन आजार याच कुळातले. मेंकेसमध्ये आतड्यातून तांबं पुढे सुटत नाही. मुलग्यांना होतो, केस तारेसारखे राठ आणि पिळदार येतात, मेंदूची वाढ अडते. विल्सनमध्ये उलट, यकृतातून तांबं बाहेर जात नाही आणि साठत राहतं, बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसू लागतं. विल्सनवर औषधं आहेत आणि लवकर ओळखला तर माणूस चांगलं आयुष्य जगतो.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायल्याने हे विकर जास्त काम करतं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात, विशेषतः घरातली वडीलधारी माणसं, म्हणून नीट सांगते. प्रौढ शरीरात सगळं मिळून साधारण १०० मिलिग्रॅम तांबं असतं आणि रोजची गरज एक-दोन मिलिग्रॅमची. तीळ, शेंगदाणे, डाळी, हरभरे, काळीज खाणाऱ्या घरात ती जेवणातूनच भागते. जास्त आलेलं तांबं आतडं कमी शोषतं आणि यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. विकराच्या जागा ठरलेल्या. त्या भरल्या की वरच्या तांब्याला तिथे काम नाही.

रात्रभर साधं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवून सकाळी प्यायला माझी हरकत नाही. तांब्याने पाण्यातले बरेच जीवाणू मरतात हे खरं आहे. आमच्या घरी आजही आजीचा हंडा आहे. पण ताक, लिंबूपाणी, चिंचेचं सार कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत ठेवू नका. ते कळकतं, म्हणजे आंबटाने धातू सुटून त्यात उतरतो, आणि मळमळ, उलट्या होतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. विल्सनच्या रुग्णाने मात्र तांब्याच्या भांड्याच्या वाटेला जाऊ नये.

ऑक्सिडेज चाचणीतला जांभळा रंग कॉपर-ए चा का?

नाही, पण गोंधळ होणं साहजिक आहे. जीवाणू ओळखायची ही चाचणी अशी: सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात गाळणकागदावर अभिकारकाचा थेंब टाकतो, लाकडी काडीने वसाहत उचलून त्यावर घासतो. स्यूडोमोनास असेल तर दहा सेकंदांत घासलेली रेघ गडद जांभळी होते. ई. कोलाय असेल तर कागद तसाच राहतो. रंग अभिकारकाचा आहे. त्याच्यातले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी मार्फत ऑक्सिडेज ओढून घेतं आणि तो रंगीत होतो.

गंमत ई. कोलायची आहे. तो श्वसन करतो, त्याच्याकडे ऑक्सिडेजही आहे, तरी चाचणी नकारात्मक. कारण त्याचं बीओ३ हे विकर सायटोक्रोम सी कडून नाही, आवरणातल्या क्विनॉल या छोट्या रेणूकडून थेट इलेक्ट्रॉन घेतं. देणारा बदलला, म्हणून घेणारी जागाही गेली: त्यात कॉपर-बी आहे, कॉपर-ए नाही. त्याचंच दुसरं विकर, बीडी, यात तर तांबंच नाही आणि त्याला सायनाइडही सहज बाधत नाही.

नायक्रोमची तार वापरू नका. तिच्यामुळे खोटा जांभळा रंग येतो आणि मग अख्खी बॅच स्यूडोमोनास, स्यूडोमोनास करत बसते. अभिकारक ताजा घ्या, जुना हवेनेच निळसर होतो.

सोयाबीनच्या मुळावरच्या गाठींचा याच्याशी काही संबंध?

आहे, आणि लातूरकडच्या मुलांनी हा प्रश्न विचारला की मला फार बरं वाटतं. पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी सोयाबीनचं झाड मातीसकट उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी गर दिसला तर गाठ कामाची. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा.

आत ब्रॅडीरायझोबियम जीवाणू हवेतला नत्र बांधतात. नत्र बांधणारं विकर ऑक्सिजनने खराब होतं, म्हणून गाठीत मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवलेला असतो. पण नत्र बांधायला ऊर्जा फार लागते आणि ती श्वसनातूनच येते. या पेचावरचा उपाय म्हणजे सीबीबी३ नावाचं ऑक्सिडेज, जे नॅनोमोलर इतक्या विरळ ऑक्सिजनवरही चालतं. त्यात ऑक्सिजन फोडणारी कॉपर-बी ची जागा आहे, पण कॉपर-ए नाही. इलेक्ट्रॉन आणायचं काम तिथे सी प्रकारची हीम करतात. ई. कोलायसारखंच: फोडणारी जागा कायम, आणणारी बदलली.

उलटही घडतं. युरिया टाकून चार दिवस काळ्या रानात पाणी तुंबलं की जमिनीतले जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करू लागतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. त्याचं निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकरात कॉपर-ए जशीच्या तशी आहे, शेजारी चार तांब्यांचा आणि गंधकाचा पुंजका, कॉपर-झेड. तांबं मिळालं नाही तर हे विकर अपुरं राहतं आणि वायू तसाच हवेत जातो.

करडं पाय ओढतात, काळ्या शेळीचे केस लालसर झालेत. तांब्याची कमतरता असेल का?

असू शकते, तपासून घ्या. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते, त्यामुळे रंग उतरला की चटकन लक्षात येतं. केसांचा काळा रंग तयार करणाऱ्या विकरालाही तांबं लागतं. गाभणपणात तांबं कमी पडलं तर पिल्लांच्या मज्जारज्जूतल्या चेतापेशींमध्ये ऑक्सिडेज अपुरं राहतं आणि मागचे पाय लटपटतात. पण मेंढ्यांच्या बाबतीत जपा. मेंढीला तांब्याची मात्रा फार लवकर जास्त होते. गाईगुरांचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका.

मॅनहोलमधला वायू आणि धान्यातल्या गोळ्या, यांचाही संबंध याच विकराशी आहे का?

हो. मैला साचलेल्या टाकीतला हायड्रोजन सल्फाइड आणि धान्य टिकवायच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन, दोन्ही हे विकर बंद पाडतात. फॉस्फिनवर नेमका उतारा नाही. ज्या खोलीत गोळ्या टाकून धान्य ठेवलंय तिथे, किंवा तिला लागून असलेल्या खोलीत, लेकराबाळांना झोपवू नका.

परीक्षेसाठी थोडक्यात: हे विकर प्रोटॉन चार हलवतं की आठ?

ऑक्सिजनच्या एका रेणूमागे आतल्या बाजूने आठ घेतले जातात. चार पाण्यात जातात, चार आवरणापलीकडे ढकलले जातात. प्रश्नात "पंप केलेले" असा शब्द असेल तर उत्तर चार.

हीमोसायनिन याच गटात येतं का?

नाही. खेकड्याच्या निळ्या रक्तातलं ते वाहक आहे. त्यात तांबं आहे, पण ते ऑक्सिजन फोडत नाही, नुसता वाहतं.

हे सगळं शोधलं कुणी?

ऑटो वारबुर्ग यांना श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी १९३१ चं नोबेल मिळालं, पण त्यांच्या नजरेसमोर लोह होतं. केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये कीटकांच्या स्नायूंत वर्णपटदर्शकातून सायटोक्रोमचे पट्टे पाहिले होते. त्यांनी आणि हार्ट्री यांनी १९३९ च्या सुमारास सुचवलं की यात तांबंही असावं. पुढे वीस वर्षं तांबं म्हणजे नमुन्यातली भेसळ असंच अनेकांना वाटत राहिलं. १९५९ मध्ये सँड्स आणि हेल्मुट बाइनर्ट यांनी चुंबकीय क्षेत्रातल्या मोजमापाने तांब्याची खूण दाखवली. कॉपर-ए मध्ये एकच अणू आहे असं मात्र त्यानंतरही बराच काळ धरलं जायचं. नायट्रस ऑक्साइडच्या विकरात सात रेघांचा वर्णपट दिसला तेव्हा पीटर क्रोनेक आणि सहकाऱ्यांनी जोडीची कल्पना मांडली. १९९५ मध्ये दोन गटांनी स्फटिकावरून रचना उलगडली: जर्मनीत हार्टमुट मिशेल यांच्या गटाने एका मातीतल्या जीवाणूची, जपानमध्ये त्सुकिहारा आणि योशिकावा यांच्या गटाने गाईच्या हृदयातली. जोडी खरी निघाली.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल?

मोबाइलवर बघता येईल, फुकट. प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जा आणि १व्ही५४ हा संकेतांक इंग्रजी अक्षरात टाका. ती गाईच्या हृदयातल्या विकराची, १.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाव्याची रचना आहे. सुरुवातीला नुसता रंगीत फितींचा गुंता दिसेल. फिती लपवा, फक्त तांबं आणि हीम ठेवा. स्फटिकात विकर जोडीने बसलेलं असतं, म्हणून सगळं दोनदा दिसेल. एका बाजूलाच बघा: वर जवळजवळ चिकटलेले दोन गोळे, खाली दोन हीमच्या चकत्या, आणि एका चकतीसमोर एकटा गोळा. मग २४० आणि २४४ क्रमांक उघडा, त्यांच्यातला तो बंध शोधा. जस्त आणि मॅग्नेशियमचेही गोळे दिसतील, त्यांना तांबं समजू नका.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा अण्णांना हे दाखवलं. त्यांनी मोबाइल दूर धरून बराच वेळ पाहिलं, एकट्या गोळ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथंच अडलं होतं का तिचं?" मी त्यांचं बोट थोडं सरकवलं, गोळा आणि चकती यांच्या मधल्या फटीवर.